माणशी किती पौंड?

आमच्या एसयूव्हीच्या माहितीपुस्तकात ‘ओढण्याची क्षमता ५,००० पौंड’ असे छापलेले आहे आणि या एका ओळीवर विसंबून ओहायोतील आमच्या कुटुंबाने ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचे चाकांवरचे घर, घ्यायचे ठरवले. कुटुंब म्हणजे आम्ही दोघे, दोन मुले आणि सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आलेली आई. विक्रेत्याच्या पटांगणात आम्ही ज्या ज्या ट्रेलरकडे पाहिले, तो तो आमची गाडी सहज ओढेल, असे तेथील तरुणाने हसतमुखाने सांगितले. आमची गाडी कोणती, हे त्याने नंतर विचारले.

सगळ्यांना आवडलेल्या ट्रेलरचे ‘ड्राय वेट’ ३,६०० पौंड होते. लग्नाच्या बायोडेटातला पगार जितका खरा असतो, तितकाच हा आकडाही खरा असतो. त्यात पाणी नसते, सामान नसते, पुष्कळदा बॅटरी आणि गॅसही नसतो. एक गॅलन पाणी ८.३४ पौंड भरते, त्यामुळे ४० गॅलनची टाकी भरताच ट्रेलर ३३४ पौंडांनी जड होतो. त्यात सिलिंडर, अंथरुणे, घडीच्या खुर्च्या आणि आईचा कुकर, परात, पोळपाट व मिक्सर असा संसार मांडल्यावर माझ्या हिशेबाने वजन ४,५०० वर गेले. तरीही ते ५,००० च्या आत होते आणि मी निश्चिंत होतो.

ही निश्चिंती गाडीचे दार उघडेपर्यंत टिकली. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक पांढरा-पिवळा स्टिकर असतो आणि गाडीतील माणसे व सामान मिळून किती भार चालेल, ते त्यावर लिहिलेले असते. आमच्या स्टिकरवर १,३०० पौंड लिहिले होते. ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भाग गाडीच्या मागच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडण्याच्या सांध्यावर, टेकलेला असावा लागतो, कारण तो त्याहून कमी झाला तर भरधाव वेगात ट्रेलर डावीकडे-उजवीकडे डोलू लागतो आणि आपल्याबरोबर गाडीलाही डोलवतो. हे ‘टंग वेट’ ट्रेलरचे असले तरी ते मोजायचे मात्र गाडीच्या खात्यात. ४,५०० चे १३ टक्के म्हणजे ५८५ पौंड, भार पुढच्या-मागच्या चाकांवर वाटून देणाऱ्या हिचचे स्वतःचे ८५, उरले ६३०. त्यातून मी १९०, आई १३०, मुलगा १४० आणि मुलगी ९५ असे ५५५ वजा जाता ७५ पौंड शिल्लक राहिले. माझ्या पत्नीचे वजन ७५ पौंडांपेक्षा जास्त आहे, एवढेच लिहून मी थांबतो.

मग ते ५,००० आले कुठून? एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२८०७ या मानकानुसार ओढण्याच्या क्षमतेची जी चाचणी होते, तिच्यात ॲरिझोनातील डेव्हिस डॅमचा सुमारे ११ मैलांचा चढ एसी पूर्ण चालू ठेवून चढावा लागतो, ही खरोखरच कडक परीक्षा आहे. परंतु त्या वेळी गाडीत चालक आणि एक प्रवासी एवढेच धरलेले असतात आणि तेही प्रत्येकी १५० पौंडांचे. ते बिचारे निःसंतान आणि सडपातळ जोडपे सामानाविना, सासूविना तो घाट चढते आणि त्यांच्या पुण्याईवर आम्ही ट्रेलर निवडायला निघतो.

अंदाजावर न राहता खरे वजन काढावे, म्हणून मी सगळ्यांना गाडीत बसवून हायवेवरच्या ट्रक स्टॉपमधील कॅट स्केल या वजनकाट्यावर नेले. तेथे प्रत्येक आसाचे वजन छापलेली पावती मिळते. पावती हाती आल्यावर एकेकाला खाली उतरवून फरक पाहण्याची माझी कल्पना होती. पत्नीने या कल्पनेमागचा हेतू तत्काळ ओळखला आणि ती उतरली नाही.

त्यानंतरच्या शनिवार-रविवारी आम्ही लहान ट्रेलर पाहिले. आमच्याच राज्यात जॅक्सन सेंटरला तयार होणारा, चंदेरी एअरस्ट्रीम बांबी वजनाला हलका होता. पण त्यात चौघांचीच झोपायची सोय आणि किंमत ५० हजार डॉलरच्या पुढे. बाकीच्यांच्या पत्रकांत ‘सहा जणांची सोय’ असे असे, त्यातले दोघे जेवणाचे टेबल मोडून होणाऱ्या पलंगावर झोपणार आणि ते इयत्ता पहिलीच्या वर गेलेले नसावेत. आईचा आक्षेप मात्र मूलभूत होता. शेगडीपासून शौचालय हाताच्या अंतरावर आणि त्याची टाकी पायाखालून आपल्याबरोबर गावोगाव हिंडणार, हे तिला पटेना. “अरे, हे कोणी विकत घेतं?” असे तिने त्या तरुणासमोर मराठीत विचारले आणि त्याने हसून मान डोलावली.

अखेर पाण्यासामानासह कमाल ३,५०० पौंडांचा, मागच्या टोकाला न्हाणीघर असलेला एक ट्रेलर ठरला. १२ टक्क्यांनी ४२० पौंड आणि तोच हिच धरून चौघांच्या पश्चात २४० पौंड उरत होते. हा आकडा पत्नीनेही मान्य केला. आईने न्हाणीघर वापरायचेच नाही, तेथे तांदूळ आणि कांदे-बटाटे ठेवायचे, असा तोडगा काढला. परंतु वजन मागच्या टोकाला गेले की टंग वेट घटते, पुढच्या कप्प्यात आणले की वाढते, आणि गाडीत आईच्या पायाशी ठेवले की ते थेट पिवळ्या स्टिकरवर जाते. ती २० पौंडांची तांदळाची पिशवी माझ्या तक्त्यात संध्याकाळभर इकडून तिकडे फिरत राहिली. शेवटी तांदूळ मुक्कामाच्या गावीच विकत घ्यावेत, असे मी सुचवले.

“मग खोलीही तिथेच भाड्याने का घेत नाहीस?” आईने विचारले.

ट्रेलरची अनामत रक्कम मी दुपारीच भरली होती.