श्यू फानछंग निर्वासित होते का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचे आक्षेप तीन आहेत. पहिला, उपनिषदं चिनीत नेणारे चिनी पंडित श्यू फानछंग यांना मी ‘निर्वासित’ म्हटलं ते चूक, कारण त्यांना कोणी हाकललं नव्हतं. ते चिनी सरकारच्या खर्चानं भारतात आले आणि पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात सुखानं राहिले. दुसरा, ते श्रीअरविंदांच्या सहवासासाठी पाँडिचेरीला गेले, हे माझं वाक्य तारखांत बसत नाही. आणि तिसरा, उपनिषदं जुन्या, अवघड चिनीत नेऊन त्यांनी साधलं काय?

दुसरा आक्षेप पूर्ण मान्य. श्रीअरविंद 5 डिसेंबर 1950 ला गेले, श्यू तिथे पोचले 1951 मध्ये. त्यांना आसरा दिला तो आश्रम चालवणाऱ्या माताजींनी. ते वाक्य मी लेखातून काढलं आहे.

पहिल्याबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचं आहे. 1945 च्या अखेरीस ते शांतिनिकेतनच्या चीन भवनात शिकवायला आले, तेव्हा त्यांचं वय 36 होतं. चीनमधल्या छांगशाचा जन्म, जर्मनीत हायडलबर्गमध्ये शिक्षण, थोर चिनी लेखक लू शुन यांच्या प्रोत्साहनानं केलेली जर्मन तत्त्वज्ञ नीत्शेची भाषांतरं, एवढं सगळं मागे होतं. त्यांना पाठवलं होतं चांग काय-शेकच्या सरकारनं. चार वर्षांत ते सरकार तैवानला गेलं आणि पेकिंगमध्ये कम्युनिस्टांचं आलं. पाठवणारेच राहिले नाहीत, तर माणसानं परत जाऊन हजर कुणापुढे व्हायचं? ते 1950 मध्ये बनारसला गेले आणि चाळिशीत पुन्हा संस्कृतच्या अभ्यासाला बसले. तिथून पाँडिचेरी. ती 1951 मध्ये अजून फ्रेंचांची होती. पुढे 1954 मध्ये कारभार भारताकडे आला, ऑगस्ट 1962 मध्ये कायदेशीर हस्तांतर झालं आणि दोनच महिन्यांनी चीनशी युद्ध पेटलं. भारतात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या चिनी वंशाच्या हजारो लोकांना तेव्हा राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. त्या दिवसांत भारतात चिनी माणूस म्हणून राहणं काय असेल, याचा विचार ‘सुखानं’ हा शब्द लिहिण्याआधी करायला हवा असं मला मनापासून वाटतं.

बरं, परत गेले असते तर? जी श्येनलिन यांचं उदाहरण बघा. तेही जर्मनीत शिकलेले, तेही संस्कृतचे पंडित, पण 1946 मध्ये मायदेशी परतून पेकिंग विद्यापीठात प्राध्यापक झाले. 1966 मध्ये सुरू झालेल्या माओच्या सांस्कृतिक क्रांतीत त्यांना मारहाण झाली, ‘गोठा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोठडीत कोंडलं गेलं. नंतर त्यांना इमारतीच्या दारावर पहाऱ्याला बसवलं, आणि तिथे बसून त्यांनी 1973 पासून लपूनछपून वाल्मीकींचं रामायण चिनीत आणलं. श्यू यांनी मात्र 1966 मध्ये पाँडिचेरीहून कन्फ्यूशियसच्या विचारांची ओळख करून देणारं इंग्रजी पुस्तक काढलं. त्याच वर्षी माओचे तरुण अनुयायी, रेड गार्ड, कन्फ्यूशियसच्या गावी, छूफूला, त्याच्या मंदिराची मोडतोड करत होते. जे घरी बोलता येत नव्हतं ते या माणसानं समुद्राकाठी परक्या भाषेत लिहून ठेवलं. मला त्यांच्या आयुष्यातली ही सगळ्यात हलवून टाकणारी गोष्ट वाटते, आणि मूळ लेखात मी ती एका ओळीत उरकली, ही माझी खरी चूक.

तरी शब्दाबद्दल तुमचं म्हणणं मला पटलं. ‘निर्वासित’ म्हटलं की आपल्याला फाळणी आणि उल्हासनगरच्या छावण्या आठवतात. ‘हद्दपार’ म्हणायला कुणाचा तरी हुकूम लागतो. आपल्याकडे ‘परागंदा’ हा शब्द आहे. हुकूम नाही, पण घरची वाटही नाही, अशा माणसाचा. लेखात मी तोच घातला आहे. भारतात आल्यापासून ते 33 वर्षं परागंदा होते, त्यातली 27 पाँडिचेरीत. लग्न केलं नाही. 1978 मध्ये परतले तेव्हा सत्तरीला टेकले होते.

आता भाषा. ज्ञानेश्वरांनी गीता लोकांच्या बोलीत आणली आणि हे उलट्या दिशेनं गेले, हा तुमचा टोला वाजवी आहे. पण चिनी वाचकाच्या बाजूनं बघू. कुमारजीव, श्युआन झांग यांच्यासारख्या भिक्षूंनी शेकडो बौद्ध ग्रंथ चिनीत नेले, त्यातून भारतीय विचारासाठी अभिजात चिनीत एक अख्खी शब्दसंपदा तयार झाली. फानछंग या नावातला ‘फान’ म्हणजे ‘ब्रह्म’साठी तेव्हापासून वापरलं जाणारं अक्षर, आणि संस्कृत भाषेलाही चिनीत त्याच अक्षरानं ओळखतात. ते भिक्षू बौद्ध ग्रंथांच्या शोधात होते, त्यामुळे उपनिषदं मागे राहिली. श्यू यांनी निवडलेली 50 उपनिषदं त्याच जुन्या भाषेत लिहिली, म्हणजे ती त्या जुन्या ग्रंथांच्या रांगेत जाऊन बसली. 1984 मध्ये पेकिंगला पुस्तक निघालं. आजच्या तरुण चिनी वाचकाला ते जड जातं, हे खरं, आणि ह्वांग पाओशंग यांच्यासारख्या संस्कृतच्या चिनी अभ्यासकांनी पुढे सोप्या चिनीत भाषांतर केलं ते गरजेचंच होतं. पण श्यू यांची निवड हट्टाची नव्हती, विचारपूर्वक होती.

शेवटी एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत. बनारसमध्ये त्यांनी गीतेबरोबर भाषांतराला घेतलं ते मेघदूत. शापामुळे घरापासून दूर रामगिरीवर अडकलेला यक्ष. हा रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं वा. वि. मिराशींनी मांडलं. यक्षाचा शाप एक वर्षाचा होता. श्यू यांनी भाषांतर हाती घेतलं तेव्हा त्यांची पाच वर्षं झाली होती, आणि अजून 28 बाकी होती.