जिवेभावे

माझी लेक गेल्या महिन्यात म्हणाली, "आई, मी यंदा दृढीकरणाच्या वर्गाला बसणार नाही. माझं अजून ठरलेलं नाही." सोळा वर्षांची आहे. दृढीकरण म्हणजे लहानपणी बाप्तिस्मा झालेल्या मुलांनी मोठं झाल्यावर देवळात, म्हणजे चर्चमध्ये, सगळ्यांपुढे आपला विश्वास स्वतः कबूल करणं. दोन दिवस घरात कोणी धड बोललं नाही. सासूबाईंना लोकांची काळजी, ह्यांना पाळकसाहेबांना काय सांगायचं याची. मी गप्प होते. आज लिहितेय, कारण विचार करून करून मला पटलंय की पोरीचं बरोबर आहे.

आमच्या बाहेरच्या खोलीत, दारावर, आजीने लग्नात दिलेली फ्रेम आहे. काळ्या मखमलीवर पिवळ्या रेशमाने भरलेलं वचन: 'मी आणि माझे घराणे तर परमेश्वराची सेवा करणार.' आम्हा नगरकडच्या ख्रिस्ती लोकांच्या किती घरांत हे वचन भिंतीवर असतं! पण बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकात, चोविसाव्या अध्यायातल्या एका वचनाचं ते शेवटचं टोक आहे. त्याच्या आधी इस्राएलचा पुढारी यहोशवा लोकांना म्हणतो, परमेश्वराची सेवा करणं तुम्हाला बरं वाटत नसेल, तर कोणाची करणार ते आजच ठरवा. नको असेल त्याला जायला वाट मोकळी ठेवतो. लोक एका सुरात म्हणतात, आम्हीही परमेश्वराचीच सेवा करणार. त्यावर यहोशवाने खूश व्हायचं की नाही? तो म्हणतो, तुमच्याने त्याची सेवा होणार नाही, तो पवित्र देव आहे. लोकांना पुन्हा सांगावं लागतं, नाही, आम्ही करणारच. मग तो म्हणतो, तुम्हीच तुमचे साक्षी. आणि शखेमात झाडाखाली एक मोठी शिळा उभी करतो.

रविवारच्या शाळेत मी हा भाग कितीदा शिकवलाय. 'होणार नाही' या शब्दांवरून दरवेळी पुढे गेले.

माझं दृढीकरण झालं तेव्हा आम्ही अकरा जण होतो. पांढरे कपडे, हातात नवं बायबल, देवळाच्या पायऱ्यांवर फोटो. प्रश्नोत्तरं पाढ्यांसारखी पाठ होती. खोटं बोलले नाही मी तेव्हा, पण निवडलंही काही नव्हतं. ज्या घरात जन्मले तिथलं मला मिळालं, एवढंच.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आम्हाला लहानपणी सहलीला नेलं होतं, तेव्हा त्यांच्याबद्दल आदर वाटला तो बायबलच्या भाषांतरामुळे, दुष्काळातून आणलेल्या मुलींमुळे. त्यांची साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाची त्यांनी लिहिलेली हकिकत, मी पुष्कळ उशिरा वाचली. त्यात त्या सांगतात की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो पुढे काही वर्षांनी सापडला. एवढी विद्वान बाई हे उघडपणे लिहिते, आणि आपण आपल्या पोरांकडून एका रविवारी सगळं पदरात पाडून घ्यायला बघतो.

लक्ष्मीबाई टिळकांचंही तेच. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि इकडे त्यांच्या बायकोचा संसार मोडला. पुढे दोघं पुन्हा एकत्र राहू लागले तरी लक्ष्मीबाईंनी आपलं सोवळं सोडलं नाही. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्या झाल्या नाहीत. स्वतःला पटलं तेव्हा, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकही थांबले. आणि टिळकांची स्वतःची निवड तरी कुठे एकदाच झाली? १९१७ साली, पाळक असताना, त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती.

माझी वेळ आली ती वॉर्डात. मी नर्स आहे. तेव्हा एकतीस वर्षांची होते, नाइट ड्युटी होती. लकवा मारलेले एक आजोबा होते, बोलता येत नव्हतं, भेटायला कोणी येत नव्हतं. कमरेखाली बेडसोअर, तळहाताएवढा. रात्री दोनच्या सुमाराला मी ड्रेसिंगला गेले. वास सहन होईना. जुना गॉज न काढता वरून नवा लावला, पट्टी चिकटवली आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, ड्रेसिंग केलं. बेसिनवर हात धुताना एक शब्द आठवला, लहानपणी वचनपाठांतराच्या स्पर्धेसाठी घोकलेला. बायबलमधलं कलस्सैकरांस पत्र, तिसरा अध्याय. जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. प्रेषित पौलाने ते दासांना लिहिलंय. ज्यांच्या कामाला कोणी काम म्हणत नव्हतं त्यांना.

परत गेले. सलाइनने गॉज भिजवला, सुटेपर्यंत थांबले, हळूहळू काढला. आतली जखम नीट स्वच्छ केली. चाळीस मिनिटं लागली. आजोबांनी चांगल्या हाताने माझ्या एप्रनचं टोक धरून ठेवलं होतं. आकाशवाणी वगैरे काही झाली नाही. मी फक्त मनात म्हणाले, प्रभू, हे तुझं काम, आणि मी तुझी. माझी निवड मी त्या रात्रीपासून मोजते. दृढीकरणाला तेव्हा पंधरा वर्षं होऊन गेली होती.

आपल्या मंडळीत 'मी सेवेत आहे' असं फक्त उपदेश करणारे म्हणतात, याचं मला फार वाईट वाटतं. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करणारी बाई असं कधी म्हणत नाही. तिला कोणी म्हणूही देत नाही.

मला लेकीकडून 'होय' हवंय. खूप हवंय, रोज रात्री त्यासाठी प्रार्थना करते. पण तिचं स्वतःचं हवंय. पाहुणे जेवायला बोलावलेत म्हणून दिलेलं नको. इतर आईबापांनाही माझी हात जोडून विनंती आहे, वय झालं म्हणून मुलांना रांगेत उभं करू नका. त्यांना यहोशवाचा तो पूर्ण अध्याय वाचू द्या, 'होणार नाही' सकट.

गेल्या रविवारी वर्ग सुरू झाले. उपासनेनंतर बाकीची मुलं आत गेली. ही नेहमीसारखी बाकांवरची गीतपुस्तकं गोळा करत होती. पाळकसाहेब तिच्याजवळ गेले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी एवढंच विचारलं, "येत राहशील ना?"

"हो," ती म्हणाली, आणि पुढच्या बाकाकडे गेली.