मत्स्यालयात सहकुटुंब जाण्याची योग्य पद्धत

मे महिन्यात रत्नागिरीला गेलात की तिसऱ्या दिवशी दुपारी ती वेळ येतेच. गणपतीपुळं झालेलं असतं, आरे-वारेला अंग भाजून झालेलं असतं, थिबा पॅलेस बघून "एवढंच?" म्हणून झालेलं असतं (त्या बिचाऱ्या राजाने रत्नागिरीत तीस वर्षं काढली, तुम्हाला तीन दिवसात घाम फुटतो), पोरं एसीच्या रिमोटवरून एकमेकांचे केस उपटत असतात आणि तेवढ्यात मेव्हणा मोबाईलमधून डोकं वर काढून म्हणतो, अरे इथे झाडगावात मत्स्यालय आहे म्हणे. झालं. आता माघार नाही.

सगळ्यात आधी वेळ. जायचं ते भर दुपारीच, आणि तेही भरपेट सुरमई थाळी हाणून, सोलकढीचा दुसरा ग्लास संपवून. रिकाम्या पोटी मासे बघू नयेत, फार त्रास होतो. निघायला अकरा माणसांपैकी नऊ तयार असतील तर आत्याला पुन्हा साडी बदलायची असते हे धरून चला.

पोचलात की दारात उभं राहून मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचा विषय काढायचा. हे काम घरातल्या ज्येष्ठांचं. चर्नी रोडला उतरून चालत गेलो होतो, १९५१ सालचं ते, राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उद्घाटन, तसं मत्स्यालय होणे नाही. आता ते गेली काही वर्षं बंदच आहे आणि २०१५ मध्ये तिथे काचेचा बोगदा झाला होता तेव्हा ठाण्यात राहूनही आपल्यातलं कोणी फिरकलं नव्हतं, हे मात्र सुनेने बोलून दाखवू नये. हे मत्स्यालय दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या सागरी संशोधन केंद्राचं आहे, म्हणजे इथे माशांचा खराखुरा अभ्यास चालतो, ही माहिती कोणी द्यायला लागलं तर "हो का" म्हणून पुढे सरकायचं.

आता मुख्य भाग, म्हणजे टाकीसमोर उभं कसं राहायचं. पहिलं, काचेवर टकटक करायचं. "टकटक करू नये" अशी पाटी असते ती दुसऱ्यांसाठी. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने जातो आणि माशाच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते, तिने त्याला पाण्यातली बारीकशी थरथरही कळते, म्हणजे तुमची अंगठी काचेवर आपटली की आत काय होत असेल विचार करा. पण तो हलायला तर हवा ना, तिकीट काढलंय आपण.

दुसरं, फ्लॅश. काचेवर फ्लॅश मारला की फोटोत एक पांढरा गोळा येतो आणि त्याच्याखाली काकांचं पोट. असे निदान चाळीस फोटो हवेत, त्याशिवाय फॅमिली ग्रुपवर टाकणार काय? माशाला पापण्या नसतात त्यामुळे डोळे मिटून घ्यायची सोय नाही, तो प्रत्येक फोटोत डोळे उघडे ठेवूनच येतो, आपल्या आत्यासारखं नाही.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक टाकीसमोर भाव आणि मसाला यावर चर्चा झालीच पाहिजे. शेवंड दिसली की "अगं ही हॉटेलात केवढ्याला देतात माहितीये का", आणि मग एक जूनपासून मासेमारी बंद होणार, जुलैअखेरपर्यंत ताजं काही मिळायचं नाही, तेव्हा आजच रात्री पापलेट सांगून ठेवू, तिरफळ घालून की नुसतं रवा फ्राय, यावर दहा मिनिटं. लायनफिशसमोर सगळे एकदम गप्प होतात. काटे विषारी आहेत म्हटल्यावर काय बोलणार.

ईलच्या टाकीत मोरे ईल असला तर पाटी वाचून "आपल्यातलाच आहे की हो" हा विनोद करणं बंधनकारक आहे, सोबत कोणी मोरे असतील तर दोनदा. तो सारखा तोंड उघडतो आणि मिटतो. श्वास घेण्यासाठी करतो तो, पण आजोबा म्हणणार रागावलाय, आणि मेव्हणा त्याच्या समोर उभा राहून तसंच तोंड करून दाखवणार, आणि त्या दोघांचा व्हिडिओ हा पूर्ण ट्रिपमधला एकमेव चांगला व्हिडिओ असणार.

समुद्रघोड्याची टाकी मात्र पुरुष मंडळींनी जरा लगबगीने पार करावी. आमच्याकडे चूक झाली. धाकट्याने काचेला नाक लावलेलं, नाकाचा चपटा ठसा उमटलेला, आणि आत बोटाएवढा तो प्राणी गवताच्या काडीला शेपटीचा वेढा घालून उभा, पाठीवरचा पंख इतका भरभर हलतोय की नीट बघितल्याशिवाय दिसतही नाही. पोरगा पहिल्यांदाच गप्प झाला होता म्हणून मीही बघत थांबलो, आणि तेवढ्यात थोरलीने मोठ्याने सांगायला सुरुवात केली की यांच्यात मादी फक्त अंडी देते, ती पण नराच्या पोटावरच्या पिशवीत, पुढचं सगळं बाबा बघतो, पिल्लं पण तोच बाहेर सोडतो. बायकोने काही म्हटलं नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं, मग खांद्यावरची डायपरची बॅग काढून माझ्या गळ्यात घातली. ती बॅग घाट उतरल्यापासून तिच्याचकडे होती हे मला तेव्हा कळलं.

शेवटी देवमाशाचा सांगाडा. सुमारे ५५ फुटी आहे. तिथे गेलात की "खरा आहे का हो?" हा प्रश्न तीन वेगवेगळ्या माणसांनी विचारायचा, पोरांनी त्याला डायनासोर म्हणायचं आणि थोरलीने देवमासा हा मासाच नाही असं सांगायला लागलं की तिला आईस्क्रीम द्यायचं. सगळे एका फोटोत मावत नाहीत, सांगाडाही मावत नाही, म्हणून शेवटी कोणाच्या तरी मागे दोन बरगड्या येतात, त्यावर समाधान मानायचं.

बाहेर आलात की पोरांना मासा हवा असतो. घरी न्यायला. इथे तत्त्वाला चिकटून राहू नका, बाजारात जाऊन प्लास्टिकच्या पिशवीत दोन गोल्डफिश घ्या, रात्रभर हॉटेलच्या बादलीत ठेवा, बाथरूमच्या दारावर कागद चिकटवा, तरी पहाटे काका त्याच बादलीत गरम पाणी सोडायला जातीलच तेव्हा जागे राहा. आणि परतीच्या वाटेवर घाटात धाकट्याला उलटीसाठी उतरवायची वेळ आली तर आधी हातातली पिशवी दुसऱ्याकडे द्या आणि मग दार उघडा. दोन्ही पिशव्या सारख्याच दिसतात.