भाची अरबी शिकते, म्हणजे नेमकं काय करते?

भाचीने दिल्लीला जेएनयूत बीए अरबीला प्रवेश घेतला, तेव्हा नागपुरात महाल भागातल्या घरी दादांनी पहिला प्रश्न टाकला, "काऊन वं, दुबईले जातं का आता?" तीन वर्षं झाली, प्रश्न अजून तोच आहे. म्हणून लिहितो.

माझी उभी नोकरी तहसील कार्यालयात गेली. गेल्या दिवाळीत ती म्हणाली, "मामा, तुम्ही जन्मभर अरबीच बोललात की!" तहसील, तालुका, अर्ज, नक्कल, वसूल, वकील, हक्क, सगळे फारसीच्या वाटेने आलेले अरबी शब्द. 'जिल्हा'चा मूळ अर्थ म्हणे बरगडी! कलेक्टर साहेबांना कधी सांगायला हवं होतं.

मला खरी गंमत वाटली ती तिच्या शब्दकोशाची. 'मक्तूब' म्हणजे लिहिलेलं. पण तो शब्द 'म'मध्ये शोधून सापडत नाही. क-त-ब या मुळाखाली बघावा लागतो. तिथेच किताब, तिथेच कातिब म्हणजे लिहिणारा. आपल्या 'लिख्' धातूपासून लेख, लेखक, लेखणी व्हावेत तसंच. म्हणजे शब्दाची घडण ओळखता आली नाही, तर कोशही उघडता येत नाही. पदवीत पोरांच्या हाती लागतं ते हे, असं माझं मत. अर्थाची घाई न करता आधी शब्द सोलून बघायची सवय.

नोकऱ्या आहेत. 1973 पासून अरबी संयुक्त राष्ट्रांची अधिकृत भाषा आहे. अनुवाद, दूतावास, कंपन्या, सगळीकडे लागते. पण वर्गातली अरबी वर्तमानपत्राची. कैरोतला भाजीवाला वेगळीच बोलतो, ती पुन्हा वेगळी शिकावी लागते. हे प्रवेशाच्या वेळी कोणी सांगत नाही.

"ती त्यांच्या धर्माची भाषा ना?" असंही एकाने विचारलं. अहो, लेबनॉनमधले ख्रिस्तीही अरबीच बोलतात. आणि आपलं पंचतंत्र आठव्या शतकात पहलवी या जुन्या इराणी भाषेतून अरबीत गेलं, त्यातल्या करटक-दमनक या कोल्ह्यांचे 'कलीला व दिम्ना' झाले, आणि तिथून ते युरोपात पोचलं.

परवा कळमन्याच्या बाजारात संत्री घेताना ती सांगत होती, आपला 'नारंग' अरबीत 'नारंज' झाला, पुढे स्पेनला गेला. आज मात्र अरबीत संत्र्याला 'बुर्तुकाल' म्हणतात, पोर्तुगालवरून.

दादा दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "नागपूरच्या संत्र्याले पोर्तुगाल म्हणतेत? जाय मग दुबईले, सांगून ये त्याईले!"