ब्लॉग काढणाऱ्यास चार हिताच्या गोष्टी

ब्लॉग लिहिण्याचा आपला मनोदय पक्का झाला असेल, तर माझे थोडे ऐकून घ्यावे. माझा अनुभव पुरत्या सहा आठवड्यांचा आहे. परंतु ब्लॉग कसा लिहावा हे इतरांना सांगण्यास तेवढा पुरतो, हे मी दुसऱ्यांचे ब्लॉग चाळूनच शिकलो. बहुतेकांनी आपला दुसराच लेख या विषयावर लिहिलेला आहे. तिसरा पुष्कळांच्या हातून अद्याप झालेला नाही.

या व्यवसायाचे मर्म त्याच्या नावातच आहे. जॉर्न बार्गर यांनी १९९७ च्या डिसेंबरात ‘वेबलॉग’ हा शब्द रूढ केला आणि १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झ यांनी गंमत म्हणून तो ‘वी ब्लॉग’, म्हणजे ‘आम्ही ब्लॉग लिहितो’, असा तोडला. ‘आम्ही वाचतो’ असा अर्थ निघेल अशा बेताने तो तोडण्याची गरज तेव्हाही कोणाला वाटली नाही, आणि आपणही ती वाटून घेऊ नये.

ब्लॉगच्या नावात मन, ओंजळ, प्राजक्त किंवा पाऊस यांपैकी एक तरी असावे आणि नावापुढे तीन टिंबे द्यावीत. पावसाच्या बाबतीत मात्र आम्हां नागपूरकरांची जरा पंचाईत होते. जूनच्या आरंभीच कोकणातले आणि पुण्याकडचे ब्लॉग चिंब होऊन जातात, आणि आपण अजून पारा पंचेचाळिशीच्या आसपास असताना कूलरच्या ताट्यांना पाणी सोडत बसलेले असतो. पाऊस येथे जूनच्या मध्यावर आला तरी वेळेवर आला असे समजण्याची रीत आहे. तरीही थांबू नये. कूलरपुढे बसून, अंगावर उडणाऱ्या तुषारांच्या आधारे पहिल्या सरीचे वर्णन करावे, आणि खोलीभर वाळ्याचा वास सुटलेला असला तरी लेखात मातीचाच गंध लिहावा. सकाळी चौकात उभ्याने खाल्लेल्या तर्री-पोह्यांवर लिहिण्याचा मोह होईल, तोही आवरावा. घाम पुसत खाल्लेल्या पदार्थात हुरहुर आणता येत नाही.

शुद्धलेखनासाठी थांबू नये. ‘ऱ’ कळफलकावर कोठे आहे हे शोधण्यात माझा एक रविवार गेला, आणि तो सापडल्यावर त्या आनंदात मी ‘तर्री’सुद्धा ‘तऱ्री’ अशी लिहिली. कोणाच्याही लक्षात आले नाही.

खरे कसब प्रतिक्रियांचे आहे. आपल्या घरी लग्नातील आहेराची वही जपून ठेवलेली असेल. कोणी किती पाकीट दिले ते पाहूनच त्यांच्या घरच्या कार्यात आपले पाकीट भरले जाते. तीच वही येथे चालते. आपण दहा जणांच्या लेखाखाली ‘अप्रतिम!’ लिहून आलो की आठवडाभरात सात ‘अप्रतिम!’ परत येतात, आणि उरलेले तिघे कोण हे आपल्याला कायमचे पाठ होते. हा व्यवहार लेख न वाचताच करावा. मी एकदा वाचून अभिप्राय दिला, त्यातील एका तारखेची चूक नम्रपणे दाखवली, आणि ते गृहस्थ त्यानंतर माझ्याकडे फिरकले नाहीत. त्यांच्या वडिलांवरील लेखाखाली ‘खूप हसलो’ असे लिहून गेलेल्या मनुष्याचे मात्र त्यांनी मनापासून आभार मानलेले होते.

वाचकसंख्येचा आकडा दिवसातून पुष्कळदा पाहावा. माझ्या पहिल्या लेखाला एका रात्रीत एक्केचाळीस वाचक लाभले, आणि सकाळी फाटकाशी दूधवाल्यालाही मी ते सांगितले. पुढे कळले की आपण स्वतः पान उघडले तरी ते मोजले जाते आणि आपल्या फेऱ्या वगळण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. दुसऱ्या लेखाच्या वेळी मी ती चालू केली. आकडा पाचावर आला. त्यातीलही तीन आमच्या सौभाग्यवतींच्या फोनवरचे असावेत, कारण तेथे अक्षरे नीट दिसतात की नाही हे मीच तिचा फोन घेऊन पाहत होतो. त्या सोयीला आपण हात लावू नये.

एवढी काळजी घेऊनही एखादे संकट येतेच. विषय सुचेना म्हणून मी पाटोडीच्या रश्श्याची कृती लिहिली, आणि त्याखाली नेहमीप्रमाणे सहा ‘अप्रतिम!’ जमले. सातवी प्रतिक्रिया अमरावतीच्या एका बाईंची होती. ‘भाऊ, बेसन शिजवताना तुम्ही मीठ सांगितलेच नाही. काल पाहुणे होते. वड्या तशाच वाढाव्या लागल्या.’ बाईंनी लेख शेवटपर्यंत वाचला होता, आणि वर तसा स्वयंपाकही केला होता. अशा प्रसंगी काय करावे, हे मी पाहिलेल्या एकाही ब्लॉगवर लिहिलेले नाही. मी तूर्त प्रतिक्रिया बंद केल्या आहेत.