शेजारच्या चार्जरमुळे आपला ट्रान्सफॉर्मर जळत नाही

दादरला माझ्या आत्याच्या सोसायटीत फिरणाऱ्या संदेशात तीन दावे आहेत. सर्व मीटरांच्या मंजूर भाराची (एका वेळी जास्तीत जास्त जेवढी वीज घ्यायला परवानगी असते तिची) बेरीज ट्रान्सफॉर्मरच्या क्षमतेहून जास्त असल्याने शेजारच्या इमारतीला गाड्यांच्या चार्जिंगसाठी जोडणी मिळताच तो जळेल; तीन दिवसांत जोडणी देणे बंधनकारक असल्याने तांत्रिक पाहणी हा पैसे उकळण्याचा बहाणा आहे; आणि सगळा खर्च आपल्या बिलात येईल. म्हणून हरकतीच्या पत्रावर सह्या करा, असा आग्रह आहे. आत्या सही करायला निघाली होती, म्हणून हे लिहावे लागत आहे.

पहिला दावा सर्वांत घातक आहे, कारण बेरजेवरून काढलेला निष्कर्षच चुकीचा आहे. समजा, १०० घरांना प्रत्येकी ८ किलोवॉट भार मंजूर आहे. बेरीज ८०० किलोवॉट होते. पण एका घरी गिझर चालू असतो तेव्हा दुसरे घर बंद असते. त्यामुळे एका वेळची सर्वोच्च मागणी ४० टक्के धरली, तर ती ३२० किलोवॉट, म्हणजे ०.९ पॉवर फॅक्टरने (किलोवॉटला या प्रमाणाने भागले की ट्रान्सफॉर्मरची क्षमता ज्यात मोजतात ते केव्हीए मिळतात) सुमारे ३५५ केव्हीए भरते आणि ६३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर ती सहज पेलतो. चार्जरना मात्र हे गणित जसेच्या तसे लागू होत नाही, एवढे मान्य करावे लागेल, कारण कामावरून परतलेले लोक एकाच सुमारास गाड्या चार्जिंगला लावतात आणि मे महिन्यात त्याच वेळी घरोघरी एसी चालू असतात. ७.४ किलोवॉटचे २० चार्जर एकदम चालले, तर मागणी ५२० केव्हीएवर जाते. ट्रान्सफॉर्मर तरीही जळत नाही, पण पुढच्या अर्जदारासाठी फारशी क्षमता उरत नाही. म्हणूनच नोंदलेली सर्वोच्च मागणी, केबलची क्षमता आणि आधी मंजूर होऊनही सुरू न झालेल्या जोडण्या तपासाव्या लागतात. ट्रान्सफॉर्मर जळण्याची भीती घालणारा संदेशच ही तपासणी निरर्थक ठरवतो, हे सह्या करणाऱ्यांच्या लक्षात कसे येत नाही?

महानगरांसाठी तीन दिवसांची मुदत २०२४ च्या नियमदुरुस्तीने आली, हे खरे आहे. परंतु वीज कायदा, २००३ चे कलम ४३ स्पष्ट सांगते की वीजवाहिनी वाढवावी किंवा नवे वीज उपकेंद्र उभारावे लागत असेल, तर ते काम झाल्यावर किंवा वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या मुदतीत वीज द्यायची असते. खर्चाचे म्हणाल, तर जोडणीसाठी टाकलेल्या वाहिनीचा वाजवी खर्च कलम ४६ नुसार अर्जदाराकडून घेता येतो. वीजवितरणाच्या जाळ्याच्या एकूण बळकटीकरणाचा आयोगाने मान्य केलेला खर्च मात्र सर्वांच्या दरांत येतो, तो या एका जोडणीमुळे नव्हे.

आणि ज्या पत्रासाठी हा सारा खटाटोप चालला आहे, त्याला आधारच नाही: कलम ४३ नुसार जागेचा मालक किंवा भोगवटादार अर्ज करतो, त्यासाठी शेजारच्या सोसायटीची संमती लागत नाही.