चंद्र नागपूरचा, वेळ मुंबईची! काहून?

दर संकष्टीला दुपारपासून फोनवर तेच सुरू होतं. गणपतीचा फोटो, बाजूला दुर्वा, खाली ठळक अक्षरांत ‘आजचा चंद्रोदय’ आणि एक वेळ. कोणत्या गावचा चंद्रोदय, ते कोणी लिहीत नाही. गावाचं नाव नसेल तर मुंबई-पुण्याचं समजायचं, हा महाराष्ट्राचा अलिखित नियम. आणि आपण नागपूरकर ती वेळ इमानेइतबारे पाळून राहिलो. देशाचा मध्यबिंदू मानलेला झिरो माईलचा दगड आपल्याकडे, घड्याळ मिर्झापूरच्या रेखांशाचं (देशाची प्रमाणवेळ तिथूनच ठरते) आणि चंद्र मुंबईचा!

हिशोब शाळेतल्या भूगोलाचाच आहे. मुंबई ७२.९ अंश पूर्व रेखांशावर, नागपूर ७९.१ वर. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. सव्वासहा अंशांची झाली पंचवीस. म्हणजे सूर्य असो की चंद्र, मुंबईच्या पंचवीसेक मिनिटं आधी तो आपल्याकडे उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. आपण मुंबईपेक्षा दोन अंश उत्तरेलाही आहोत, त्यामुळे चंद्र आकाशात किती उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे झुकलाय त्याप्रमाणे हा फरक वीस ते तीस मिनिटांत खालीवर होतो. पण फरक आहेच. सकाळपासून वाटीभर साबुदाण्याच्या उसळीवर दिवस काढलेल्या बाईला विचारा, रात्री वरणभाताचा कुकर उतरलेला असताना ही पंचवीस मिनिटं कशी जातात ते. बऱ्याच पंचांगांत आणि कॅलेंडरांत मागच्या बाजूला गावोगावच्या वेळांचा तक्ता असतो, त्यात नागपूर असतं. तो उलटून बघायचे कष्ट मात्र नकोत, फॉरवर्ड करणं सोपं.

आईपुढे हे सगळं मांडलं तर ती म्हणाली, "अरे, पण फाटकात उभं राहून तो त्या वेळेलाही दिसत नाही ना!" तिचंही खरंच आहे. पंचांगातली वेळ मोकळ्या क्षितिजाची असते. आमच्या समोर पूर्वेला पाच मजली इमारत उभी झाली आहे. धरा पंधरा मीटर उंच आणि साठेक मीटर दूर. तिचं टोक क्षितिजापासून चौदा अंश वर येतं आणि एवढं चढायला चंद्राला जवळजवळ तास लागतो. थोडक्यात, नागपुरात मुंबईची वेळ कोणाच्या लक्षात येत नाही याचं श्रेय बिल्डर लोकांना आहे. पश्चिमेकडच्या वस्त्यांमध्ये तर पूर्वेचं क्षितिज ही चीज आता गच्चीवर गेल्याशिवाय दिसतच नाही.

मुंबईचं सोडा, दिल्लीची गंमत वेगळी आहे. अश्विनातल्या संकष्टीलाच आपल्या हिंदी भाषक शेजाऱ्यांचा करवा चौथ असतो. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून त्यांच्याकडे तो कार्तिक. तिथी तीच, चंद्र तोच. आमच्या मजल्यावरच्या वहिनी त्या दिवशी टीव्ही लावून बसतात. टीव्हीवर दिल्लीचा चंद्र निघाला की चाळणी आणि पूजेचं ताट घेऊन वर गच्चीवर, आणि वर काहीच नाही! दिल्ली आपल्या पश्चिमेला आहे, तर चंद्र तिथे आपल्यानंतर उगवायला पाहिजे की नाही? पण त्या दिवसांत चतुर्थीचा चंद्र आकाशात बराच उत्तरेकडे असतो, आणि उत्तरेकडे झुकलेला चंद्र उत्तरेच्या गावांना लवकर दिसतो. रेखांशानं आपल्याला मिळालेली सात-आठ मिनिटं अक्षांश खाऊन टाकतो, वर आणखी काही घेतो. म्हणून करवा चौथला दिल्लीचा चंद्र नागपूरच्या आधी. एवढं मी वहिनींना जिन्यात समजावून सांगितलं. त्या उपाशी होत्या. पुढचं लिहीत नाही.

खरं तर ढोबळ अंदाजाला कोणाच्याच फॉरवर्डची गरज नाही. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळता मावळता उगवतो. मग रोज सरासरी पन्नास मिनिटं उशीर. चतुर्थीला सूर्यास्तानंतर तीनेक तास, वद्य अष्टमीला मध्यरात्र, अमावास्येला सूर्यासोबतच. शुद्ध अष्टमीचा चंद्र भर दुपारी बाराच्या सुमारास उगवतो, तेव्हा त्याला कोण पाहतं? हा पन्नास मिनिटांचा उशीरही सारखा नसतो. कोजागिरीच्या आसपास आपल्याकडे तो चाळिशीपर्यंत उतरतो. भुलाबाईची गाणी संपून खिरापत ओळखून झाली, दूध पिऊन झालं, तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चंद्र लगेच हजर, त्याचं कारण हे.

उगवता चंद्र पाहायची माझी आवडती जागा सांगतो, हसू नका. प्रजापतीनगरचं मेट्रो स्टेशन. अॅक्वा लाईनचं पूर्वेचं टोक. उंचावरचा फलाट, पुढे भंडारा रोडची बाजू. पौर्णिमेला सूर्यास्ताच्या वेळी तिथे उतरलं की समोर तांबूस, धुळीनं मळलेला, खालून किंचित चपटा झालेला गोळा दिसतो. उन्हाळ्यात तर इतका मंद असतो की लोक त्याला ओळखतच नाहीत. सगळं शहर त्या वेळी फुटाळा तलावावर सूर्यास्ताचे फोटो काढत असतं, चंद्राकडे पाठ करून. आणि मावळता चंद्र? पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे अंबाझरीच्या बांधावर जा. बांध तलावाच्या पूर्वेला आहे, त्यामुळे पाण्यापलीकडे चंद्र खाली जात असतो आणि तुमच्या मागे उजाडत असतं. फिरायला येणारी मंडळी कानात इयरफोन घालून तरातरा निघून जातात. चंद्रास्त हा प्रकार पाहायचा असतो हेच कोणी आपल्याला शिकवलं नाही.

पंचवीस मिनिटांनी काय फरक पडतो म्हणणाऱ्यांसाठी ३ मार्च २०२६ चं, होळीच्या दिवसांतलं चंद्रग्रहण. खग्रास अवस्था आपल्याकडे चंद्र उगवायच्या आतच संपली. चंद्र उगवला तो ग्रहण लागलेलाच, पंचांगाच्या भाषेत ग्रस्तोदित. सहा सत्तेचाळीसला ग्रहण सुटलं. नागपूरचा चंद्रोदय सहा वीसच्या सुमाराचा, म्हणजे आपल्या वाट्याला पंचवीसेक मिनिटांचं ग्रहण. मुंबईला चंद्र उगवेपर्यंत दोन-चार मिनिटंच उरली होती. त्या दिवशी मुंबईची वेळ पाळणाऱ्या नागपूरकराला काय मिळालं ते तुम्हीच ठरवा.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल हा नागपूरचाच ढोल बडवून राहिला. ईदची कोर पाहायला मोमिनपुऱ्यात लोक गच्च्यांवर चढतात, तिथे मुंबई फायद्यात. तिथे सूर्य उशिरा मावळतो, तोवर चंद्र तेवढाच सूर्यापासून लांब सरकतो. फरक अगदी थोडा, पण नखाएवढ्या कोरीला थोडंही पुष्कळ असतं. गुढीपाडव्यानंतरच्या बीज-तृतीयेची कोर मात्र आपल्याकडून अवश्य बघा. त्या दिवसांत आपल्या अक्षांशावर सूर्य-चंद्राची वाट मावळतीच्या क्षितिजावर जवळजवळ उभी असते, म्हणून कोर होडीसारखी आडवी पडते, दोन्ही टोकं वर.

आणि चंद्राची किंमत कोणाला कळते तर बुद्धपौर्णिमेला जंगलात प्राणी पाहायला मचाणावर बसणाऱ्यांना. मे महिना, पाणवठे आटलेले, पेंच किंवा उमरेड-कऱ्हांडलाच्या जंगलात रात्रभर टॉर्च न लावता बसायचं. चंद्र सूर्यास्ताला येतो आणि सूर्योदयापर्यंत थांबतो, म्हणून तर ती रात्र निवडतात. पण त्या मोसमातला पौर्णिमेचा चंद्र दक्षिणेकडून कललेला जातो, झाडांच्या सावल्या लांब पडतात आणि पाणवठ्यावर आलेली ती काळी आकृती अस्वल की रानडुक्कर यावरून मचाणावर कुजबुजत भांडणं होतात.

डोक्यावरचा चंद्र हवा तर थंडीत या. सूर्य नागपूरच्या बरोबर डोक्यावर वर्षातून दोनदाच येतो, मेच्या शेवटी आणि जुलैच्या मध्यात. चंद्राची कक्षा मात्र १८.६ वर्षांच्या फेऱ्यात डुलते आणि २०२४-२५ च्या सुमारास तो उत्तरेकडे साडेअठ्ठावीस अंशांपर्यंत गेला. आपण एकवीसवर! ४ डिसेंबर २०२५ च्या दत्तजयंतीला मध्यरात्री पौर्णिमेचा चंद्र नागपूरच्या डोक्यावरून पलीकडे, उत्तरेकडून गेला. आणखी एक-दोन वर्षं मार्गशीर्षात असंच काहीसं दिसेल. उभ्यानं बघू नका, मान धरते. गच्चीवर सतरंजी टाकून आडवे व्हा. स्वेटर न्या, आणि वर जायच्या आधी टाकीखालचा तो झगझगीत एलईडी बंद करायला वॉचमनला सांगा.